मूठभर आराम

“मी फेन्सिंग खेळते” असं सांगितलं की आपल्या होस्टेलात तीन प्रकारच्या प्रतिक्रिया मिळतात. सिव्हिलची मंडळी विचारतात, “म्हणजे कुंपण? काटेरी तारेचं की सिमेंटच्या खांबांचं?” दुसऱ्या प्रकारातले वीर हातातली पट्टी उपसून तिथल्या तिथे हवेत दोन वार करून दाखवतात. तिसरा प्रकार मात्र मनापासून विचारतो, “लागत नाही का गं?”

लागतं ना! पण तुम्हाला वाटतं तिथं नाही. तोंडावर जाळीचा मास्क, अंगात जाड जॅकेट, आत छातीला प्लास्टिकचं कवच. समोरच्याचं टोक बसलं तर फार तर एखादा निळा डाग पडतो आणि चार दिवसांत जातो. खरं दुखणं असतं ते शस्त्राच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे जिथं आपलाच हात असतो तिथं. म्हणून मित्रमैत्रिणींनो, हा लेख तलवारीच्या पात्यावर नाही. पात्याचं कौतुक करायला सिनेमे आहेत, पोवाडे आहेत. हा लेख मुठीवर आहे, आणि त्यातही एका विशिष्ट मुठीवर. तिचं नाव फ्रेंच ग्रिप.

थिअरी झाल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, तेव्हा आधी थोडी थिअरी. फेन्सिंग १८९६ सालच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्याकडे घराघरांत हे नाव पोचलं ते २०२१ मध्ये, टोकियोला भवानी देवी उतरली तेव्हा. ऑलिंपिक खेळणारी ती पहिली भारतीय तलवारबाज. ती खेळते सेबर. या खेळात शस्त्रं तीन : फॉईल, इपी आणि सेबर. सेबरच्या मुठीवर बोटं झाकणारं कवच असतं, तिचा संसारच वेगळा. फ्रेंच ग्रिपचा प्रश्न येतो तो फॉईल आणि इपीत. मी इपी खेळते. इपीत डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठंही टोक लागलं तरी गुण. पूर्ण शस्त्राचं वजन जास्तीत जास्त ७७० ग्रॅम, लांबी जास्तीत जास्त ११० सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. मेसमधला पाण्याचा जग यापेक्षा जड असतो. पण तो जग नऊ मिनिटं हात पुढं करून धरा आणि मग बोला!

आता फर्स्ट इयरचा फिटिंग शॉप आठवा. फाईलची निमुळती शेपटी लाकडी मुठीत ठोकलेली असायची, तिला टँग म्हणतात हे व्हायव्हात विचारलं जायचं. इपीच्या पात्यालाही अशीच टँग असते, फक्त लांब, आणि तिच्या टोकाला आटे पाडलेले असतात. टँगवर आधी गार्ड चढतो, म्हणजे हात झाकणारी धातूची वाटी. वाटीच्या आत वायरचं सॉकेट आणि मऊ गादी. मग मूठ. आणि सगळ्यात शेवटी आट्यांवर फिरवून बसवायचा तो पॉमेल, एक वजनदार लट्टू. तो पिळला की अख्खी वरात आवळली जाते. म्हणजे पॉमेल हा एकाच वेळी नटही आहे आणि पुढच्या पात्याचा तोल सांभाळणारं वजनही. मेकॅनिकलच्या मुलीला प्रेमात पडायला एवढं पुरे!

मुठी मुख्यतः दोन जातींच्या. एक पिस्तूल ग्रिप. तिला प्रत्येक बोटासाठी खाच, आधाराला शिंगं. हातात घेतली की ती हाताला जखडून बसते. आजकाल बहुतेक खेळाडू हीच वापरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पकड भक्कम मिळते, समोरच्याचं पातं जोरात आदळलं तरी शस्त्र हलत नाही. दुसरी जात फ्रेंच. ती म्हणजे एक साधा, किंचित बाक असलेला दांडा. ना खाच, ना शिंग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यापेक्षा आमच्या घरच्या उलथन्याची मूठ बरी.

पण या साध्या दांड्याला नियमानं एक मोठी सवलत दिली आहे. मुठीत हात अडकवणारं काही नसेल, तर ती कुठंही धरा, आणि खेळता खेळता जागा बदलली तरी चालते. (फेकून मात्र मारायची नाही!) मूठ २० सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकते. म्हणजे गार्डजवळ धरलेला हात मागं सरकवून पॉमेलपाशी नेला की पोच सरळ काही सेंटीमीटरनं वाढते. जिथं मनगटावर टोक आधी कुणाचं टेकलं यावर गुण ठरतो, तिथं काही सेंटीमीटर म्हणजे जहागीर.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही, हे आपल्याला पहिल्या सेमिस्टरलाच शिकवतात. समजा शस्त्र ७०० ग्रॅमचं आहे आणि त्याचा तोल गार्डच्या पुढं ४ सेंटीमीटरवर आहे. गार्डपाशी धरलं तर बोटांवर येणारा मोमेंट ०.७ गुणिले ४, म्हणजे २.८ किलो-सेंटीमीटर. हात १० सेंटीमीटर मागं नेला तर ०.७ गुणिले १४, म्हणजे ९.८. तेच शस्त्र, तोच हात, आणि भार साडेतीन पट! हा भार अंगठा आणि तर्जनी उचलतात, कारण फ्रेंच मूठ खरं तर याच दोघांनी चालवायची असते. उरलेली तीन बोटं नुसती सोबतीला. फेन्सिंगमध्ये जुनी शिकवण आहे की शस्त्र पाखरासारखं धरावं. फार आवळलं तर जीव जाईल, फार सैल सोडलं तर उडून जाईल.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा तुम्ही पाहिला असेल. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आतली आडवी पट्टी मुठीत धरायची, की मनगट संपलं. मग पूर्ण बाहूच तलवार होतो आणि फिरतो तो खांद्यातून, कमरेतून. फ्रेंच ग्रिप याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला उभी आहे. तिथं खांद्याचं काम कमी आणि बोटांच्या पेरांचं जास्त. टोक दोन इंच हलवायचं तर मुठीत बोट दोन मिलिमीटर हलतं. म्हणूनच ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण इथं चालत नाही. इथं मूठ घट्ट झाकली की किंमत संपली.

झाली थिअरी. आता माझ्या हाताकडे येते.

मी डावखुरी आहे. डावखुऱ्या वाचकांना पुढचं सांगायला नकोच, पण उजव्यांसाठी सांगते. लहानपणी प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, जेवायचं उजव्या हातानं, कात्री उजव्या हाताची. आजी प्रेमानं म्हणायची, “अगं, जरा जुळवून घे.” इंजिनिअरिंगला आले तर वर्गातल्या खुर्च्यांना लिहायची फळी उजवीकडे. ड्रॉइंग हॉलमध्ये मिनी ड्राफ्टर बोर्डाच्या अशा कोपऱ्यात आवळायचा की माझा लिहिता हात त्याच्या दांड्याखाली अडकणार. तरीही पहिल्या वर्षाच्या चोवीस शीट्स मी पूर्ण केल्या. जुळवून घेण्यात डावखुऱ्या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

फेन्सिंगमध्ये मात्र डावखुरे म्हणजे जावई. उजव्या खेळाडूंना सरावाला बहुतेक उजवेच मिळतात, त्यामुळे समोर डावखुरा आला की त्यांची सगळी भूमिती उलटी होते. क्रीडा संकुलात पहिल्या दिवशी सरांनी माझा डावा हात पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी शस्त्रांचं कपाट उघडलं. त्यात अकरा इपी होत्या. अकराच्या अकरा उजव्या हाताच्या.

“फ्रेंच मुठीला डावं-उजवं असतं?” असं तुम्ही विचाराल. पुष्कळ मुठींना असतं. तिचा बाक हा केवळ शोभेचा नसतो. तळव्याच्या खळग्यात मूठ बसावी आणि पॉमेल मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकावा, म्हणून तो दिलेला असतो. खालच्या वळणाबरोबर बाजूलाही थोडा कल असतो. दोन्ही हातांना चालणाऱ्या मुठीही मिळतात, पण आमच्या कपाटातल्या तशा नव्हत्या. उजव्याची मूठ डाव्या हातात घेतली की पॉमेल मनगटाला टेकायच्या ऐवजी बाहेर निसटतो आणि टोक भलत्याच बाजूला बघायला लागतं. मग ते सरळ ठेवायला तीन बोटं, जी नुसती सोबतीला हवीत, ती दिवसभर ओव्हरटाइम करतात.

दीड वर्ष मी त्या मुठीवर खेळले. खेळ वाढला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पदकही आलं. आणि थर्ड इयरच्या पाचव्या सेमिस्टरमध्ये डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आधी बादली उचलताना, मग दाराची कडी काढताना, मग पेन धरताना. डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिलं, मनगट वर उचलायला लावलं, आणि म्हणाले, “टेनिस एल्बो.”

“पण सर, मी टेनिस खेळत नाही.”

“त्याला त्याचं काय! तुम्ही काहीतरी सतत आवळून धरता. तीन आठवडे पूर्ण विश्रांती. नंतर एक तर पकड सैल करा, नाहीतर खेळ सोडा. पेपर कोणत्या हातानं लिहिणार आहात?”

हा शेवटचा प्रश्न खोलीवर येईपर्यंत डोक्यात फिरत होता. विद्यापीठ संघाची निवड चाचणी सहा आठवड्यांवर होती, आणि ती संपल्यावर चौथ्या दिवशी परीक्षेचा पहिला पेपर. दोन्हीला हात एकच. घरी कळलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं, “खेळ बंद.” आणि घरच्यांचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं, क्रेप बँडेज बांधून खेळ. कुणी म्हणालं, ओवा शेकून बघ. एक सीनियर ताई मात्र मुद्द्याचं बोलली, “फ्रेंच सोड, डाव्या हाताची पिस्तूल ग्रिप लाव. माझ्याकडे एक पडून आहे. मूठ बदलली की दुखणं थांबेल.” सल्ला चांगला होता आणि फुकट होता. अडचण एकच. पिस्तूल ग्रिपमध्ये टँग तोकडी लागते, फ्रेंचमध्ये पूर्ण लांब. म्हणजे माझ्या पात्याची टँग हॅकसॉनं कापावी लागणार. आणि एकदा कापली की त्या पात्यावर फ्रेंच मूठ पुन्हा बसत नाही. ते पातं माझं स्वतःचं, एकुलतं एक, दोन सुट्ट्यांत आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आणलेलं.

ताई म्हणाली, “हॅकसॉ आण, दोन मिनिटांचं काम आहे.” मी म्हटलं, “ताई, मला तीन आठवडे दे. हात तसाही बांधलेलाच आहे.”

मला एवढंच ठरवायचं होतं की दुखणं फ्रेंच मुठीचं आहे, की ‘त्या’ फ्रेंच मुठीचं. आणि हे ठरवायला चर्चा उपयोगाची नव्हती, मोजमाप हवं होतं.

माझी रूममेट कॉम्प्युटरची. तिला फेन्सिंगमधलं काही कळत नाही, पण तर्क कडक. ती म्हणाली, “आरामदायी म्हणजे काय ते आधी लिही. व्याख्या नसेल तर टेस्ट कशाची करणार?” मी लिहिलं, ‘हातात घेतल्यावर बरं वाटणारी.’ तिनं ते खोडलं आणि विचारलं, “कधी बरं वाटणारी? पहिल्या मिनिटाला की शेवटच्या?”

खरी गोष्ट होती. साखळी फेरीतली लढत पाच गुणांची आणि तीन मिनिटांची असते, पण बाद फेरीत पंधरा गुण आणि तीन-तीन मिनिटांचे तीन डाव. मधे एकेक मिनिट विश्रांती. दुकानात मूठ आपण दहा सेकंद धरून बघतो आणि ती खेळायची असते नऊ मिनिटं. चपलेचं दुकान आणि गडाची चढण यांत जो फरक, तोच इथं.

मग तपासायच्या गोष्टी चार ठरल्या. पहिली बाक : अंगठा वर ठेवून सहज धरलं की पॉमेल मनगटाला आपणहून टेकतो का, आणि हात सरळ केला की टोक समोरच्याच्या हाताकडे बघतं का? दुसरी जाडी : अंगठा किंचित वाकलेला, तर्जनी खालून, आणि उरलेल्या बोटांची टोकं मुठीच्या बाजूवर अलगद टेकलेली. मूठ फार बारीक असली तर बोटं तळव्यात रुततात, फार जाड असली तर मिटतच नाहीत, मग अंगठा सगळं ओझं दाबून धरतो. तिसरी पृष्ठभाग : घामानं निसरडी होते का? निसरडी मूठ माणूस नकळत आवळतो. चौथी पॉमेलचं वजन. आणि हे सगळं हातमोजा घालून, कारण उघड्या हाताचं माप मोज्यातल्या हाताला लागू पडत नाही.

विश्रांतीच्या तीन आठवड्यांत हात खेळत नव्हता, पण मोजता येत होता. सरांकडून एक मोडकी मूठ मागून आणली, तिच्यावर एम-सील थापलं आणि ओलं असताना डाव्या हातानं अलगद धरलं. वाळल्यावर माझ्या पकडीचा साचाच तयार झाला. कुठं खळगा पडला, कुठं उंचवटा आला, ते व्हर्नियरनं मोजलं. उजव्या हाताच्या मुठीला जिथं पोट होतं, नेमका तिथं माझ्या हाताला खळगा हवा होता. तीच एम-सीलची मूठ घेऊन खेळावं असा मोह झाला. पण अशी हाताच्या आकाराची, बोटं अडकवणारी मूठ नियमात फ्रेंच राहत नाही. मग हात मागं-पुढं सरकवायची सवलतही जाते. साचा फक्त मापापुरता वापरला.

तोवर सरांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षकांना फोन करून दोन डाव्या मुठी मिळवल्या. एक कोरी, रबराची, गुबगुबीत. दुसरी जुनी, चामड्याची, हडकुळी. कुणा डावखुऱ्या मुलानं पिस्तूल ग्रिप घेतल्यावर मागं ठेवलेली. कोरी हातात घेतली आणि सगळे म्हणाले, “वा!” जुनी घेतली तर कुणी काही बोललंच नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चाचणी सुरू झाली, आणि तिची युक्ती रूममेटची. ती म्हणाली, “दुखणं मोजायला यंत्र नाही, पण तुझं अक्षर आहे.” रोज संध्याकाळी एकच मूठ, तीन-तीन मिनिटांचे तीन डाव, भिंतीवरच्या गादीवर आणि जोडीदाराबरोबर आलटून पालटून. मग खोलीवर येऊन थिअरी ऑफ मशिन्सच्या वहीतला गव्हर्नरवरचा तोच अर्धा पान उतरवायचा. कागदाच्या मागं फक्त आकडा. कोणत्या दिवशी कोणती मूठ होती हे तिला ठाऊक नाही. सहा दिवस, सहा कागद, प्रत्येक मुठीला दोन. आठवड्याच्या शेवटी तिनं कागद अक्षराच्या क्रमानं लावले.

सर्वांत खाली दोन्ही कागद उजव्या हाताच्या मुठीचे आले. त्याचं नवल नाही. पण त्यांच्या लगेच वर, थरथरलेल्या काना-मात्रांसकट, गुबगुबीत कोऱ्या मुठीचे होते. आणि वरचे दोन्ही हडकुळीचे! त्यातला एक तर न खेळलेल्या दिवसाच्या अक्षराशी जुळत होता. व्हर्नियर लावल्यावर कारण कळलं. कोरी मूठ माझ्या साच्यापेक्षा जवळजवळ चार मिलिमीटर जाड होती. मऊ असल्यामुळं पहिल्या मिनिटाला ती लाडात यायची, पण बोटं तिच्याभोवती मिटत नव्हती, म्हणून सगळा जोर अंगठ्यावर. मऊपणा आणि आराम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे होस्टेलच्या गाद्यांवर झोपणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण माझ्यासमोर त्याचा कागदोपत्री पुरावा होता. आरामदायी मूठ म्हणजे जी धरून ठेवायला कमीत कमी जोर लागतो ती.

हडकुळीत दोन दोष होते. चामडं घामानं गुळगुळीत झालेलं, आणि पॉमेल हलका, त्यामुळं टोक जड लागायचं. पहिल्यावर इलाज कोपऱ्यावरच्या खेळाच्या दुकानात मिळाला : बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात ती पातळ पट्टी. एकच फेरा, एकावर एक न चढवता, म्हणजे जाडी वाढली ती जेमतेम मिलिमीटरभर. मळली की काढायची, नवी लावायची. दुसऱ्यासाठी पुन्हा गणित. ७०० ग्रॅमच्या शस्त्रात मागं, गार्डपासून १७ सेंटीमीटरवर, ४० ग्रॅम वाढवले तर तोल ४ सेंटीमीटरवरून २.९ च्या आसपास येतो. एकूण वजन ७४०, म्हणजे नियमाच्या आत. कपाटातल्या डब्यात तेवढा जड पॉमेल सापडला. टोक हलकं झालं. याहून जड लावून पाहिला, तर टोक इतकं हलकं झालं की वाऱ्यावर भरकटायला लागलं, म्हणून तो काढला.

टँग कापायचं रद्द झालं. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “तुझा हात, तुझी मूठ. पण अंगठा परत दुखला तर हॅकसॉ माझ्याकडे आहे!” नवी मूठ बसवून हात सरळ केला, तेव्हा खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. टोक जिथं बघायला हवं तिथं बघत होतं. पॉमेल मनगटाला टेकला होता. जुळवून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वीस वर्षांत अशी वस्तू माझ्या हातात पहिल्यांदा आली होती, आणि ते कळायला मला थोडा वेळ तसंच उभं राहावं लागलं. सर म्हणाले, “काय गं, फोटो काढायचाय का? चल, मास्क घाल.”

निवड चाचणीत साखळीतल्या पाच लढतींपैकी तीन जिंकले. बाद फेरीत पहिली जिंकले, दुसरी तिसऱ्या डावापर्यंत ताणली गेली आणि १५-१३ अशी गेली. शेवटच्या मिनिटाला मी मूठ मागं सरकवून पॉमेलपाशी धरली होती, साडेतीन पट भार माहीत असून, आणि दोन गुण त्या पोचेवरच मिळाले. आधीच्या मुठीवर नवव्या मिनिटाला हे करायची माझी छाती झाली नसती. संघात नाव आलं ते चौथं, म्हणजे राखीव. घरी फोन करून सांगितलं, तेव्हा आईनं आधी विचारलं, “हात कसा आहे?” चौथ्या दिवशी पेपर होता. तीन तास लिहिलं, दोन पुरवण्या घेतल्या. गव्हर्नरवर प्रश्न आला नाही, याचं मात्र दुःख आहे. सहा वेळा लिहून काढल्यामुळं तो तोंडपाठ होता.

आता तुमच्यातल्या फार थोड्यांना कधी इपी धरायची वेळ येईल. पण मूठ तर सगळ्यांच्याच हातात असते : रॅकेटची, बॅटची, स्क्रू-ड्रायव्हरची, सोल्डरिंग आयर्नची. सांगायचं ते एवढंच की ती दहा सेकंद धरून ‘वा!’ म्हणू नका. काम जितका वेळ चालणार तितका वेळ धरा, आणि मग त्या हाताचं अक्षर बघा.

आणि आदरणीय शिक्षकवर्गास एक नम्र विनंती. ड्रॉइंग हॉलमध्ये या वर्षी किमान तीन मुलं डावखुरी आहेत, मी मोजली आहेत. मिनी ड्राफ्टर उलट्या कोपऱ्यात आवळायची परवानगी आणि डावीकडे फळी असलेल्या चार खुर्च्या, एवढंच मागणं आहे. मार्क नकोत!

गुबगुबीत कोरी मूठ मी परत पाठवली नाही. सरांना विचारून तिच्या पॉमेलला निळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि क्लबच्या एका पात्यावर चढवून कपाटात टांगली. माझ्या हाताला ती जाड आहे, पण पुढची डावखुरी माझ्यापेक्षा मोठ्या हाताची असू शकेल. अकराची आता बारा झाली आहेत. फर्स्ट इयरच्या डावखुऱ्यांनो, सराव संध्याकाळी साडेपाचला असतो. निळ्या टेपची मागा.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल